बंद मत्स्यालयाची सहल

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या शाळेत सहलीचा विषय निघतो. वेरूळ, दौलताबाद, पैठण ही ठरलेली ठिकाणे. यंदा मी सातवीच्या वर्गात सहज विचारले, समुद्र कुणी पाहिला आहे? बेचाळीस मुलांपैकी पाच हात वर आले. त्यातले दोन हात हाजीअलीला जाऊन आलेल्यांचे होते. एका मुलीने विचारले, "मॅडम, समंदर में जो मछली रहती है, वो अपनी मछली जैसी होती है क्या?" अपनी मछली म्हणजे जायकवाडीची. रोहू, कटला, फार तर मरळ आणि वाम. मराठवाड्यातल्या मुलांची माशांची ओळख इथेच संपते.

मी म्हणाले, मुंबईला जाऊ, मत्स्यालय दाखवते. बोलून बसले आणि मग चौकशीला लागले.

मुंबईचे मत्स्यालय म्हणजे चर्नी रोड स्टेशनसमोरचे, मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला. लहानपणी अब्बांबरोबर मी ते पाहिले होते. बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि आत एकदम अंधार, त्या अंधारात उजेडाच्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत पोहणारे काहीतरी. अब्बा एका टाकीपुढे थांबून म्हणाले, ही सुरमई. उर्दूत सुरमई म्हणजे सुरम्याच्या रंगाचा. हा शब्द मी कपड्यांच्या दुकानात ऐकला होता, दुपट्ट्याचा रंग म्हणून. मासळीबाजारात मराठी बाई तोच शब्द उच्चारते हे मला त्या दिवशी कळले. आज दोन्ही भाषा शिकवताना हे उदाहरण मी दरवर्षी देते.

चौकशीत पहिलीच गोष्ट समजली ती ही की मत्स्यालय बंद आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला जे बंद झाले, त्यानंतर इमारत धोकादायक झाल्याने लोकांसाठी पुन्हा उघडलेच नाही. मोठ्या शहरातले मत्स्यालय पाहायला जाणाऱ्यांनी आधी वेळ, सुट्टीचा वार आणि तिकीट विचारावे असे सगळे सांगतात. मी म्हणेन, त्याच्याही आधी ते उघडे आहे का ते विचारा. पण तोवर मुलांना शब्द दिला होता. मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. मत्स्यालय नाही तर नाही, त्याचा इतिहास तरी वर्गात सांगू.

माणूस मासे पूर्वीपासून पाळत आला आहे, पण हौदात. हौदातला मासा वरून दिसतो, म्हणजे त्याची पाठ दिसते. मासा बाजूने, त्याच्या डोळ्याला डोळा देऊन पाहणे ही फार अलीकडची गोष्ट आहे. १८३२ च्या सुमारास सिसिलीतल्या मेसिना शहरात जान व्हिलप्रो-पॉवर नावाच्या फ्रेंच बाईने काचेच्या पेट्या बनवून त्यात समुद्रातले जीव ठेवले. आर्गोनॉट नावाचा आठ पायांचा जीव आपले शंखासारखे कवच स्वतः बनवतो की दुसऱ्याचे बळकावतो, हा तेव्हाचा वाद होता. या बाईने काचेतून निरीक्षण करून दाखवून दिले की तो ते स्वतःच बनवतो. पुढे लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकाच भांड्यात ठेवून पाणी बराच काळ चांगले राहते हे सिद्ध केले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाऊस' उघडले. लोकांसाठी उघडलेले हे जगातले पहिले मत्स्यालय. 'अक्वेरियम' हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो त्याच्या पुढच्या वर्षी आलेल्या फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकामुळे.

ही नावे पुस्तकांत सापडतात. मला जास्त आवडलेली गोष्ट मात्र एका मोलकरणीची आहे. १८४६ मध्ये ॲना थिन नावाची एका पाद्रीसाहेबांची बायको समुद्रकिनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन आली. समुद्र कितीतरी मैल दूर. रोज ताजे खारे पाणी आणायचे कुठून? तिने आहे तेच पाणी पुन्हा वापरायचे ठरवले. तिच्या घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, म्हणजे त्यात हवा मिसळेल आणि प्रवाळ जगतील. प्रवाळ जगले. ॲना थिनचे नाव इतिहासात राहिले. मोलकरणीचे नाव माझ्या वाचनात कुठेच आले नाही.

आज मोठ्या मत्स्यालयाच्या भिंतीमागे जे पंप घरघरत असतात, ते त्या मोलकरणीचेच काम करतात. मासा पाण्यात अमोनिया सोडतो आणि तोच साठला तर मासा त्याच पाण्यात मरतो. गाळणीतल्या वाळूवर, खड्यांवर जिवाणू वाढवावे लागतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ते प्रमाण राखावे लागते. विल्यम आल्फर्ड लॉइड या माणसाने एकोणिसाव्या शतकात हे ओळखले की दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा न दिसणारा साठा मोठा हवा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ मध्ये उघडलेल्या मत्स्यालयात प्रेक्षकांना दिसणाऱ्या पाण्याच्या कित्येक पट पाणी खाली अंधाऱ्या हौदात होते आणि ते सतत फिरत असे. ज्यांनी हे हिशेब केले नाहीत त्यांचे मासे मेले. न्यूयॉर्कच्या बार्नमने १८६१ मध्ये पांढरे बेलुगा देवमासे आणून तळघराच्या टाकीत ठेवले होते. ते काही दिवसच जगले, म्हणून त्याने आणखी आणवले. तमाशाच तो.

आपल्याकडे मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ मध्ये मत्स्यालय उघडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंद पडले. मुंबईला वाट पाहावी लागली ती १९५१ पर्यंत. तारापोरवाला मत्स्यालयाला तेव्हा आठ लाख रुपये खर्च आला. त्यातले दोन लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दिले होते, म्हणून त्यांचे नाव. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले. ते चालवायची जबाबदारी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे आली. जागाही पाहण्यासारखी आहे. समुद्र मागे हटवून केलेल्या या पट्ट्यातच पारशी, इस्लाम आणि हिंदू असे तीन जिमखाने आहेत. एकेका कौमेने आपापले मैदान धरलेले. त्यांच्याच शेजारात १९५१ मध्ये अशी एक वास्तू उभी राहिली की जिथे रांगेत कोण कुणाचा हे विचारायचे कारण नव्हते. टाकीपुढे गर्दी झाली की पोरे कुणाच्याही पायांतून पुढे घुसायची. मीही घुसले होते.

आता दोन लाखांविषयी थोडे. आपल्या बुजुर्गांना वक्फची एक रीत माहीत होती. मशीद किंवा विहीर बांधणारा माणूस शहाणा असेल तर सोबत दोन-चार दुकानेही वक्फ करायचा. दुकानांच्या भाड्यातून दिवाबत्ती, डागडुजी, पाणी भरणाऱ्याचा पगार निघायचा. नुसती इमारत दिली तर तिचे काय होते ते आपल्याच गावोगावच्या वक्फ जागांवर पाहता येईल, लांब जायला नको. मत्स्यालयाचे तसेच आहे. इमारतीला देणगी मिळते, नाव लागते, फीत कापली जाते. रोज पाणी ओतण्यासाठी मात्र देणगीदार पुढे येत नाही. तो खर्च दरवर्षी सरकारी अंदाजपत्रकातून मागावा लागतो. शिवाय ही इमारत समुद्रासमोर, खाऱ्या वाऱ्यात, आणि तिच्या पोटातही खारे पाणी. काँक्रीटमधल्या लोखंडाला याहून वाईट शेजार नाही.

२०१५ च्या मार्चमध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर मत्स्यालय पुन्हा उघडले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केले ते नव्या बोगद्याचे. बारा फूट लांबीचा, ॲक्रिलिकचा, डोक्यावरून मासे जाताना दिसतात असा. या बोगद्याची गंमत न्यूझीलंडमध्ये गाजली. तिथे केली टार्लटन नावाच्या पाणबुड्याने ऑकलंडला सांडपाण्याच्या जुन्या, टाकून दिलेल्या टाक्यांत १९८५ मध्ये मत्स्यालय उभारले आणि त्यात ॲक्रिलिकचा बोगदा केला. उघडल्यानंतर दोन महिन्यांच्या आत तो वारला. त्याच्यानंतर जगभरच्या मत्स्यालयांना बोगदा हवा झाला. आमच्या मुंबईलाही हवा झाला. बोगद्याला माझा विरोध नाही, मुलांना तोच आवडतो. पण बोगदा झाल्यावर पाच वर्षांनी दार बंद होते आणि मग उघडतच नाही, तेव्हा पैसा भिंतीच्या कोणत्या बाजूला लागायला हवा होता हा प्रश्न मी विचारणारच. आता खाजगी मत्स्यालये, मॉलमधले बोगदे निघत आहेत. त्यांचे तिकीट गुणिले बेचाळीस केले की आमची सहल वेरूळलाच जाते.

वर्गात हे सगळे तीन तासिकांत सांगितले. मोलकरणीची गोष्ट ऐकून एका मुलाने विचारले, "मॅडम, तिचा हात दुखत नसेल का?" मी म्हणाले, दुखत असणार.

सहल रद्द केली नाही. देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरायचे. पहिले ठिकाण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे निसर्गविज्ञानाचा विभाग आहे आणि १९२६ मध्ये त्याच विभागात सालिम अली यांनी मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी केली होती. गिरगावातल्या खेतवाडीत वाढलेला हा मुलगा पुढे देशाला पक्षी दाखवणारा झाला, हे मुलांना तिथेच उभे राहून सांगायचे. दुपारी भायखळ्याची राणीची बाग. तिथे पेंग्विन आहेत. २०१६ मध्ये आठ आणले, त्यातला एक त्याच वर्षी दगावला. काचेमागचे थंड पाणी आणि त्यामागची यंत्रे यांविषयी मुलांनी तिथल्या माणसांना विचारावे म्हणून पाच प्रश्न लिहून दिले आहेत. बुधवारी बाग बंद असते, म्हणून गुरुवार धरला. काचेवर टकटक करायची नाही, फ्लॅश मारायचा नाही आणि एका काचेपुढे निदान दहा मिनिटे थांबायचे. शेवटची अट माझी स्वतःची आहे. पळत पळत पाहिलेले घरी पोचेपर्यंत विसरते.

संध्याकाळी चर्नी रोडला उतरून मरीन ड्राइव्ह. बंद मत्स्यालयासमोरून चालत जायचे. समुद्र तिथेच आहे, त्याला तिकीट नाही.

पालकांच्या परवानगीपत्रात मी 'मत्स्यालय' हा शब्द ठेवला होता. मुख्याध्यापकांनी त्याखाली पेनने रेघ मारून विचारले, हे तर बंद आहे ना? मी त्यापुढे कंसात 'बाहेरून' असे लिहून कागद परत दिला. बेचाळीसपैकी एकतीस सह्या आल्या आहेत. ज्या अकरा राहिल्या त्यांतल्या आठ मुलींच्या आहेत. रविवारी त्यांच्या घरी जाणार आहे.