ढील दे, मग वळ: लाटेवरच्या वळणाची गोष्ट

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर आहे. बोलताना झालेले "म्हणजे ना" आणि "तर मग" थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 

आजची गोष्ट एका अपमानापासून सुरू होते. अपमान माझाच.

मी मूळचा येवल्याचा. पैठणीचं येवला, आणि तितकंच पतंगांचं. आमच्याकडे भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. आसारी हातात धरायला मी चालायला शिकल्यावर लगेचच शिकलो असेन. त्यामुळे काइटसर्फिंग शिकायला रामेश्वरमला गेलो तेव्हा मनात एकच विचार होता, पतंगच तर आहे! तिथल्या उथळ, सपाट पाण्यावर जमलंही. मग पुढच्या वर्षी गोव्यात मोरजीला छोट्या लाटांवर उतरलो. लाट आली, मी वळलो, आणि पतंगाने मला लाटेवरून असं उचलून फेकलं की बरगडीला मुका मार बसला. पुढचे दोन आठवडे ऑफिसमध्ये शिंक आली तरी डोळ्यांत पाणी यायचं.

पडून असताना मी तेच केलं जे बग सापडत नसला की करतो: जुना इतिहास काढून बसलो. लाटेवर वळायला माणूस शिकला कधी? कसा? त्यात माझी चूकही सापडली. तीच आज सांगतो.

ओंडका वळवायचा कसा?

1779 मध्ये कॅप्टन कुकची जहाजं हवाई बेटांवरच्या केआलाकेकुआच्या उपसागरात होती. त्यांच्यातल्या लेफ्टनंट जेम्स किंगने तिथले लोक फळीवर आडवे होऊन लाटांवर कसे झेपावतात, हे लिहून ठेवलं. हवाईयन लोक उभं राहूनही लाट चालवायचे, तिरपे जायचे. पण त्या फळ्यांना खाली काहीच नव्हतं. गुळगुळीत लाकूड. फार जोर लावून वळायला गेलं की मागचं टोक घसरायचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ड्यूक कहानामोकू आला. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं होतं आणि सर्फिंग जगभर नेण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याचा एक बोर्ड 16 फुटी होता, वजन 50 किलोच्या वर. म्हणजे सिमेंटच्या गोणीवर उभं राहून वळायचं! त्या काळात लोक वळायला एक पाय पाण्यात घासायचे. बैलगाडीच्या चाकाला पाय लावून गाडी वळवल्यासारखंच ते.

1935 मध्ये टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकन माणसाने वाइकिकीला एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीखालचा धातूचा तुकडा काढून आपल्या बोर्डाखाली बसवला. ही पहिली फिन. बोर्ड सरळ धरायला लागला, मागचं टोक घसरायचं थांबलं. बरेच जण पुढची काही वर्षं तिकडे वळलेच नाहीत, हे वेगळं.

दोन वर्षांनी, 1937 मध्ये, होनोलुलूच्या तिघा पोरांनी दुसरी वाट काढली. वॉली फ्रोइसेथ, फ्रॅन हीथ आणि जॉन केली. मोठ्या लाटेवर बोर्ड सारखे घसरत होते म्हणून केलीने कुऱ्हाड घेतली आणि हीथच्या बोर्डाचं मागचं टोक तासून निमुळतं केलं. मित्राच्या बोर्डावर कुऱ्हाड! पण त्या निमुळत्या टोकाने पाणी पकडलं. या बोर्डांना पुढे "हॉट कर्ल" म्हणायला लागले.

इथे पहिला धडा. वळायचं असेल तर आधी पकड पाहिजे. पाण्यात काहीतरी रुतलेलं असल्याशिवाय वळण होत नाही, नुसती घसरण होते.

वळण लाटेच्या पायथ्याशी बनतं

पुढची उडी 1966. सॅन डिएगोला जागतिक स्पर्धा झाली. तोवर बोर्डाच्या नाकावर जाऊन उभं राहणं ही कमाल मानली जायची. ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने तिथे वेगळंच काही दाखवलं. तो लाटेच्या खाली उतरायचा, तिथून जोरात वळून वर यायचा, पुन्हा खाली. तो जिंकला. त्याच्या बोर्डाखालच्या फिनमागे जॉर्ज ग्रीनोचं डोकं होतं. हा ग्रीनो गुडघ्यांवर बसून लाटा चालवायचा, आणि माशांच्या शेपटीसारखी मागे झुकलेली, लवचिक फिन त्याने बनवली होती. त्यानंतर दोन-तीन वर्षांत बोर्ड झपाट्याने आखूड झाले.

लाटेच्या पायथ्याशी घेतलेलं हे वळण म्हणजे बॉटम टर्न. वर माथ्याशी घेतलेलं ते टॉप टर्न. बघणाऱ्याचं लक्ष नेहमी वरच्या वळणाकडे असतं, कारण तिथे पाण्याचा फवारा उडतो, फोटो तिथला निघतो. पण वर काय होणार ते खालीच ठरलेलं असतं. खाली वेग आणि कोन चुकला की वर फक्त धडपड उरते.

आणि मग 1981. सिडनीजवळच्या नॅराबीनचा सायमन अँडरसन. उंच, धिप्पाड माणूस. तेव्हा दोन फिनच्या बोर्डांची चलती होती. ते चपळ होते, पण त्याच्या वजनाखाली आणि मोठ्या लाटेत निसटायचे. एक फिनचा बोर्ड धरायचा, पण अवघडलेला. त्याने तीन फिन लावल्या आणि त्याला "थ्रस्टर" म्हटलं. त्या वर्षी ईस्टरला बेल्स बीचवर प्रचंड लाटा आल्या आणि तो याच बोर्डावर जिंकला. मग सिडनी, मग वर्षअखेरीस हवाईचं पाइपलाइन. या रचनेचं त्याने पेटंट घेतलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड ओपन सोर्स राहिला. आजही जगातले बहुतेक छोटे सर्फबोर्ड तीन फिनचेच असतात.

पतंग आला आणि वळण हरवलं

आता पतंग. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचे दोन भाऊ, ब्रूनो आणि डोमिनिक लेगेन्यू. 1984 मध्ये त्यांनी हवा भरलेल्या नळ्यांचा पतंग पेटंट केला. पाण्यात पडला तरी तो तरंगणार आणि पुन्हा उडणार. 1996 च्या सुमाराला माउई बेटावर लेअर्ड हॅमिल्टन आणि मानू बर्तां यांनी पतंगावर लाटा चालवून दाखवल्या आणि लोकांचे डोळे विस्फारले. भावांचा "विपिका" पतंग त्याच सुमारास विकायला आला. 1998 मध्ये माउईलाच पहिली स्पर्धा झाली.

गंमत बघा. सर्फिंगने वळण शिकायला शतकं घालवली, आणि काइटसर्फिंगने काही वर्षांत ते जवळपास टाकून दिलं. कारण दोन्हीकडे सारखीच टोकं असलेला बोर्ड आला, ट्विन टिप. दिशा बदलायची? थांब, पतंग दुसऱ्या बाजूला ने, उलटा चालू लाग. वळायची गरजच नाही! मीही त्यावरच शिकलो. त्यामुळे रामेश्वरमला सगळं येत होतं असं मला वाटलं, आणि खरं तर वळणच येत नव्हतं.

दुसरा घोळ जास्त गंभीर होता. सुरुवातीच्या पतंगांची ओढ जवळपास कमीच करता येत नसे. वाऱ्याचं गणित लक्षात घ्या: वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. 10 नॉटचा वारा झोताने 20 नॉट झाला, तर तुमच्या कमरेला एकाच्या जागी चार जण ओढायला लागले. 2002 मध्ये जर्मनीच्या फेमार्न बेटावर सिल्के गोर्ल्ट ही नावाजलेली काइटसर्फर पतंगाने ओढली जाऊन गेली. ती नवखी नव्हती. ओढ बंद करता येत नसेल तर अनुभव कितीही असो, कमीच पडतो.

ब्रूनो लेगेन्यू पुन्हा कामाला लागला. 2005 च्या सुमाराला त्याचा "बो" पतंग बाजारात आला. मागची कड आतल्या बाजूला वळलेली, पुढच्या कडेला आधाराच्या दोऱ्या. हातातली दांडी, म्हणजे बार, पुढे ढकलला की ओढ जवळजवळ शून्यावर. वेगवेगळ्या कंपन्यांनी परवाना घेऊन तो बनवला.

मी हे वाचलं आणि गच्चीवरचे आमचे काका आठवले. पेच पडला की ते ओरडायचे, "अरे ढील दे, ढील!" वीसेक वर्षं काइटसर्फिंगवाले जे शोधत होते, ते म्हणजे ढील.

ढिलीतलं वळण

ढील आली आणि लाटेवरचं वळण परत आलं. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्दे बेटं आहेत. तिथल्या साल बेटावर पोंता प्रेता नावाची लाट लाव्हाच्या खडकांवर फुटते. तिथलाच मितू मोंतेरो 2008 मध्ये लाटांचा जगज्जेता झाला. पायांना पट्टे न लावता, नुसत्या सर्फबोर्डावर उभं राहून खेळणाऱ्यांच्या पहिल्या फळीतला तो. पट्टे नाहीत म्हणजे पतंगाने हिसका दिला की बोर्ड पायाखालून गेलाच. म्हणून ही मंडळी ओढीवर नाही, लाटेवर चालतात. पतंग फक्त सोबतीला.

आता माझी चूक. मोरजीला मी आधी बोर्ड वळवला आणि मग पतंग. बोर्ड लगेच वळतो. पण पतंग 20 ते 24 मीटर दोऱ्यांच्या टोकाला आहे. मी बार ओढल्यापासून तो आकाशात एका बाजूहून दुसरीकडे जाईपर्यंत वेळ जातो. आम्ही याला लेटन्सी म्हणतो. मी लाटेकडे वळलो होतो, पतंग अजून किनाऱ्याकडे ओढत होता. दोघांच्या मध्ये माझी बरगडी.

म्हणून क्रम उलटा. लाटेच्या पायथ्याशी पोचायच्या आधीच पतंगाला नव्या दिशेने पाठवायचा. मग नजर, मग खांदे, मग गुडघे वाकवून बोर्डाची कड पाण्यात. पतंग डोक्यावर नको, कडेला आणि खाली. डोक्यावर असला की तो तुम्हाला वर उचलतो आणि कड पाण्यातून सुटते. कुऱ्हाड घेतलेल्या त्या पोरांचा धडा आठवा: पकड गेली की वळण गेलं.

वळण चालू असताना तुम्ही पतंगाच्या दिशेने जाता. इथे ते गणित आपल्या बाजूने लागतं. 20 नॉट वाऱ्यात तुम्ही आणि पतंग मिळून 10 नॉटने वाऱ्यासोबत चाललात, तर पतंगाला फक्त 10 नॉट वारा लागतो. ओढ चौथ्या हिश्श्यावर! हाच तो क्षण, ज्यात बोर्ड खरा सर्फबोर्ड होतो.

पण बार पूर्ण सोडायचा नाही. पूर्ण सोडला तर मागच्या दोऱ्या सैल पडतात आणि पतंग ऐकेनासा होतो. गच्चीवर ढील देतानाही मांजा बोटावरून सरकत असतो, बोट कधी उचलत नाही. अगदी तसंच. ढील द्यायची, हात सोडायचा नाही.

वाऱ्याची दिशाही बघा. वारा किनाऱ्याकडून तिरपा समुद्रात जात असेल, तर पतंग एका जागी ठेवून निवांत लाट चालवता येते. मोरजीसारखा वारा समुद्राकडून आत येत असेल, तर लाट आणि वारा एकाच दिशेचे. तिथे दोऱ्या पटकन सैल पडतात, म्हणून पतंग सतत हलता ठेवावा लागतो आणि वळणं छोटी घ्यावी लागतात. व्हिडिओ पोंता प्रेताचा बघायचा आणि उतरायचं मोरजीला, ही माझी दुसरी चूक.

यंदा मार्चमध्ये पुन्हा गेलो होतो. चार दिवस, असंख्य लाटा. नीट म्हणावीत अशी वळणं किती झाली? तीन. त्यातल्या तिसऱ्यात खाली वळलो आणि अचानक कमरेची ओढच गेली. आवाज कमी झाला. पायाखाली फक्त पाणी. जेमतेम दोन सेकंद. मग अर्थातच पडलो. पण बरगडी शाबूत!

लाकडाला पकड मिळाली, मग वळणाला वेग मिळाला, मग ओढीला ढील मिळाली. दोनशे वर्षांत ज्या क्रमाने हे सापडलं, साधारण त्याच क्रमाने आपल्यालाही शिकावं लागतं. मी थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली होती.

काकांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एवढा खर्च करून गोव्याला गेलास होय? गच्चीवर फुकट सांगत होतो की."

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर हेडफोन काढा आणि जरा वाऱ्याकडे लक्ष द्या.