नाव कमी झालेला शिपाई

श्रीक्षेत्र देहू आणि श्रीक्षेत्र आळंदी यांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या काठी वसलेले तळवडे हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले आणि शिवारात कारखाने उभे राहिले. तथापि ग्रामदैवताचा जीर्णोद्धार निघाला की नोकरीधंद्यानिमित्त दूर गेलेला माणूसही गावाकडे वळतो. देणगीदारांची नावे दगडावर कोरली जातात, हे योग्यच होय.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारनेही महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर अशीच एक पाटी बसविली. या गावातून १९१४ ते १९१९ च्या लढाईवर किती गेले आणि त्यांपैकी किती कामी आले, असे दोन आकडे तीवर असत. आजाराने नाव कमी होऊन परत आलेल्यांचा तिसरा आकडा मात्र कोठेच नसे. त्या विस्मृत शिपायांची ही हकिकत.

नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून फौज इराणच्या आखातात उतरली. तीत पुण्याचे नाव धारण करणारी सहावी डिव्हिजन प्रमुख होती. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. ज्या प्रदेशाला आज इराक म्हणतात तो त्या वेळी मेसोपोटेमिया म्हणून ओळखला जाई. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मात्र ‘बसरा’ हेच नाव राहिले.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे मोठी लढाई झाली आणि फौजेला कूत या गावी मागे यावे लागले. तेथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा होता. धान्य घटत गेले, भाजीपाला व लिंबू तर नव्हतेच. त्यामुळे हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजून रक्त येई आणि बुजलेल्या जखमा पुन्हा उघडत. हगवणीने माणसे खंगली. घोडे मारून मांस वाटले गेले, परंतु बहुतेक हिंदी शिपायांनी ते दीर्घकाळ शिवले नाही. धर्मगुरूंची परवानगी बिनतारी यंत्राने मागविण्यात आली, तरी गावी गेल्यावर भाऊबंद काय म्हणतील, मुलीची सोयरीक कोण करील, ही धास्ती सुटली नाही. उपाशी शिपायाच्या मनावर गावाचे एवढे वजन होते.

शरणागतीनंतर सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती गेली. अतिशय आजारी व जखमी अशांपैकी काही अदलाबदलीत सुटले. उरलेल्यांतील पुष्कळसे वाळवंटातील पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर मेले. कूतबाहेरच्या फौजेचेही हाल कमी नव्हते. उष्मा, हिवताप व पटकी यांनी गोळीइतकीच माणसे निकामी केली. औषधपाण्याच्या अव्यवस्थेवर विलायतेतील चौकशी आयोगाने १९१७ साली कडक ताशेरे ओढले आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

आजारी शिपाई बोटीने मुंबईस येत. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे त्याच इमारतीत तेव्हा लष्करी दवाखाना होता. अपंग सैनिकांना हुन्नर शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांनी क्वीन मेरी संस्था काढली. ती पुढे खडकीस आली व आजही तेथे आहे. परंतु तुटलेला हात कोणालाही दिसतो. आतून पोखरलेले शरीर दिसत नाही. जखम अंगावर असते, आजार मात्र कागदावर सिद्ध करावा लागतो. डॉक्टरांच्या मंडळाने ‘नोकरीस अयोग्य’ असा शेरा मारला की पलटणीतून नाव कमी होई.

असा शिपाई ज्या सुमारास गावी परतला, तो काळही कठीण होता. १९१८ साली पाऊस रुसला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ मुंबईमार्गे देशभर पसरली. अंगात ताप असताना नांगर धरायचा, आणि ‘लढाईला जाऊन काय मिळवलंस?’ हा प्रश्न ऐकायचा. मेला असता तर पाटीवरच्या आकड्यात धरला गेला असता. धडधाकट परतला असता तर मिशीवर ताव देऊन पारावर बसला असता. आजारी माणसाला यांतले काहीच लाभले नाही. त्याची लढाई घरच्या खाटेवर चालू राहिली आणि ती त्याच्या बायकोने व आईने त्याच्याबरोबर लढली.

१९२९ साली बसऱ्यास उभारलेल्या स्मारकावर मृत गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी साध्या शिपायांची मात्र केवळ संख्या. जेथे मेलेल्यांची ही गत, तेथे आजाऱ्यांची दखल कोण घेणार? ते काम आता गावांनीच केले पाहिजे.

जुन्या घरांतील ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे किंवा जमिनीच्या कागदांत पणजोबांचा लष्करी दाखला अद्याप असण्याचा संभव आहे. वाळवी लागण्यापूर्वी त्याची एक प्रत देवस्थानच्या दप्तरी ठेवावी. दाखल्यावर ‘आजारामुळे नाव कमी’ असे असले तर संकोच करू नये; तोही गावाने दिलेल्या देणगीचाच हिशेब आहे. ज्यांनी रुपये दिले त्यांची नावे दगडावर राहतील. ज्यांनी आपले आरोग्य दिले त्यांची निदान वहीत राहावीत.