बाटलीवरची दोन अक्षरं

शँपेनच्या बाटलीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत नाव असतं. आणि सगळ्यात बारीक अक्षरांत, लेबलाच्या तळाशी, एक नोंदणी क्रमांक असतो. त्याच्या आधी दोन अक्षरं असतात. ‘एनएम’ असेल तर बाटली व्यापाऱ्याची, म्हणजे शेतकऱ्यांकडून द्राक्षं, रस किंवा तयार वाइन विकत घेऊन शँपेन करणाऱ्या पेढीची. ‘आरएम’ असेल तर शेतकऱ्याची: स्वतःच्या मळ्यातली द्राक्षं आणि स्वतःचं तळघर. सहकारी संस्थांसाठी ‘सीएम’ वगैरे आणखीही अक्षरं आहेत, पण खरा वाद या दोघांचा.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात टेरी थीज नावाच्या आयातदारानं छोट्या शेतकऱ्यांच्या शँपेन अमेरिकेत नेल्या, आणि हळूहळू रसिकांमध्ये एक समजूत रुजली. आरएम म्हणजे अस्सल, एनएम म्हणजे नुसती जाहिरातबाजी. ऐकायला बरं वाटतं. शेतकरी विरुद्ध व्यापारी म्हटलं की आपण कोणाच्या बाजूला उभे राहणार, हे आधीच ठरलेलं असतं. पण म्हणून चवीचा निकालही आधीच लावायचा का? त्यासाठी या भांडणाचं मूळ बघायला हवं.

शँपेन हा फ्रान्सच्या ईशान्येकडचा थंड प्रांत. तिथे द्राक्षं नीट पिकतीलच याची पूर्वी काही खात्री नसे. म्हणून अनेक गावांच्या, अनेक वर्षांच्या वाइन एकत्र करून चव सांभाळायची रीत पडली. शिवाय ही वाइन बाटलीत दुसऱ्यांदा आंबवायची आणि वर्षानुवर्षं तळघरात पाडून ठेवायची. एवढं भांडवल रँस आणि एपर्ने या गावांतल्या पेढ्यांकडेच होतं. शेतकऱ्याकडे फक्त द्राक्षं, आणि तोडलेली द्राक्षं काही चांगल्या भावाची वाट बघत थांबत नाहीत. भाव कोण ठरवत असेल ते सांगायला नकोच.

१८९०मध्ये तिथे फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड पोचली. पुढे नव्या शतकात वाईट हंगामांची रांग लागली, आणि १९१०मध्ये तर जवळजवळ काहीच हाती आलं नाही. तरी शँपेन विकली जातच होती, कारण काही व्यापारी लुआर खोऱ्यातून आणि दक्षिणेतून स्वस्त वाइन आणून तिलाच शँपेन म्हणत होते. जानेवारी १९११मध्ये दामरी आणि ओविलेर या गावांत शेतकऱ्यांचा संयम सुटला. तळघरं फोडली, पिंपं उलथली.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पुढे मात्र गुंता होतो. १९०८च्या सरकारी आदेशानं ‘शँपेन’ची जी हद्द आखली, तिच्यातून दक्षिणेकडचा ओब जिल्हा वगळला गेला होता. मार्न जिल्ह्याच्या शेतकऱ्यांना हे हवंच होतं. ओबच्या शेतकऱ्यांना मात्र हा घास तोंडातून काढून घेतल्यासारखं वाटलं आणि ते रस्त्यावर आले. ११ एप्रिल १९११ला सिनेटनं ही हद्द रद्द करण्याच्या बाजूनं कौल दिला. त्यावर मार्नचे शेतकरी पेटले, आणि दुसऱ्या दिवशी आयी या गावात व्यापाऱ्यांच्या इमारती जळाल्या. सैन्य बोलवावं लागलं. गावातली बोलँजे ही पेढी मात्र वाचली. ती स्थानिक द्राक्षं घेत असे म्हणून, असं सांगतात.

म्हणजे बघा, शेतकरी शेतकऱ्याच्या विरुद्धही उभा होता. आणि जमावाचा सवाल ‘वाइन कोणी केली’ हा नव्हताच. सवाल होता ‘द्राक्षं कुठली’. त्याचं उत्तर १९२७च्या कायद्यानं दिलं. हद्द पक्की झाली, ओब आत आलं, आणि ती हद्द शेतकरी-व्यापारी दोघांनाही लागू झाली.

मग शेतकऱ्याची स्वतःची बाटली आली कुठून? चवीच्या हट्टातून नव्हे, गरजेतून. १९३०च्या दशकातल्या मंदीत पेढ्यांनी खरेदी आखडती घेतली, तेव्हा ‘विकली जात नाहीत तर आपणच बाटलीत भरू’ म्हणून अनेकजण याकडे वळले, आणि सहकारी संस्थाही वाढल्या. १९४१मध्ये, जर्मन ताब्यात असताना, दोन्ही बाजूंची मिळून एक समिती स्थापन झाली. भांडण टेबलावर आलं.

पण या शांततेची किंमतही होती. पुढे कित्येक वर्षं द्राक्षांचा भाव गावाच्या प्रतवारीवर ठरत असे. शंभर टक्के प्रतीच्या गावाला पूर्ण भाव, ऐंशीच्या गावाला ऐंशी टक्के. त्याच गावात मन लावून कसणारा आणि वजन वाढवणारा, दोघांना किलोमागे तोच दर. मग पीक कशाला कमी काढायचं? त्याच काळात मळ्यांत खत म्हणून पॅरिसचा शहरी कचरा पसरला जाई. त्यातले निळ्या प्लॅस्टिकचे तुकडे पुढे कितीतरी वर्षं मातीत दिसत राहिले. हे पाप एकट्या व्यापाऱ्यांचं नाही की एकट्या शेतकऱ्यांचं.

या चाकोरीबाहेर पडणारे दोन्हीकडे निघाले. आवीझ गावच्या आन्सेल्म सलॉस यांनी पीक कमी घेऊन, मातीकडे लक्ष देऊन जी शँपेन केली, तिनं एका पिढीला वाट दाखवली. ते आरएम. पण लुई रोडररची ‘क्रिस्टाल’ पेढीच्या स्वतःच्या मळ्यांतून येते, आणि क्रुगची मुख्य शँपेन शंभरहून जास्त वाइन जुळवून होते. हे दोघे एनएम. उलट एखाद्या आरएमचे सगळे मळे एकाच गावात असतील आणि त्या वर्षी गारपीट झाली, तर त्याच्याकडे जुळवायलाच काही उरत नाही.

शिवाय अक्षरं बरंच लपवतातही. मोठी पेढी दुसऱ्याच्या तळघरातल्या तयार बाटल्या घेऊन स्वतःचं लेबल लावू शकते, कायदेशीरपणे. लेबलावर एनएमच राहतं. आपल्याला उपयोगी पडेल अशी माहिती काहीजण आता आपणहून देतात. जाकसाँ पेढी आपल्या ७०० मालिकेतल्या क्रमांकांवरून मूळ हंगाम कळू देते, तर २०११पासून क्रुगच्या बाटलीमागच्या आकड्यांवरून तिची कुंडली शोधता येते. गंमत म्हणजे हे दोघेही व्यापारीच!

आजही सुमारे ३४,००० हेक्टरपैकी जवळपास ९० टक्के मळे शेतकऱ्यांचे आहेत, आणि सुमारे ७० टक्के बाटल्या पेढ्या विकतात. त्या दोन अक्षरांमागे ही तफावत आहे. आरएम घेतली तर बाटलीचा नफा मळा कसणाऱ्याच्या घरात जातो. तेवढ्यासाठी ती निवडली तर कारण अगदी प्रामाणिक आहे. फक्त त्याला चवीचं नाव देऊ नये. लेबल आपल्याला सांगतं की पैसे कोणाला जातील आणि बिघडलं तर जाब कोणाला विचारायचा. १९११चा जमाव ज्या प्रश्नासाठी रस्त्यावर आला होता, तो याहून जुना आणि साधा आहे: लिहिलंय तेच आत आहे ना? तो दोघांनाही विचारत राहायला हवा.