ख्रिस्त मठ, तोमार

पोर्तुगालमधील तोमार शहरालगतच्या टेकडीवरचा तटबंदीयुक्त मठ. मूळ नावात ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आहे. तो म्हटला की मराठी वाचकाला जोगिणी किंवा इंग्रजी शाळा आठवते. पोर्तुगीजमध्ये मात्र हा शब्द पुरुषांच्या मठालाही लागतो. येथील किल्ला टेम्प्लर सरदारांचा पोर्तुगालमधील प्रमुख ग्वाल्दिम पाइश याने ११६० मध्ये बांधायला घेतला. १३१२ मध्ये टेम्प्लर संघ बरखास्त झाला आणि १३१९ मध्ये राजा दिनिशच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ख्रिस्त संघाकडे त्याची पोर्तुगालमधील मालमत्ता आली. १३५७ मध्ये तोमार हे ख्रिस्त संघाचे मुख्य ठाणे झाले. गोव्याकडे येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा क्रूस याच संघाचा.

मठाची ख्याती पश्चिम भिंतीवरच्या, दोरखंड व प्रवाळांच्या कोरीवकामाने लगडलेल्या मान्वेल शैलीतील खिडकीमुळे आहे. मठाला आजचा आकार मात्र त्यानंतरच्या प्रबोधनकालीन बांधकामाने दिला आणि त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकीच शिस्तीची गरज होती. १५२९ मध्ये राजा तिसरा जुआंव याच्या आदेशाने फ्राय आंतोनियु द लिश्बोआ याने संघातील लढवय्यांना मठवासी संन्यासी केले. सामुदायिक जीवनासाठी निजायच्या कोठड्या, भोजनगृह, पाहुण्यांची सोय हे सारे लागणार होते. वास्तुकार जुआंव द काश्तील्यु याने ते चौकांभोवती मांडले. पाहुण्यांचा चौक वेगळा, गरिबांना पाव वाटण्याचा वेगळा.

मुख्य चौकाबाबत आक्षेप असा की, तो इटलीची नक्कल आहे आणि त्याने जुने कोरीवकाम झाकले. वास्तुकार दिओगु द तोराल्व्हाच्या जोडस्तंभांवर व कमानींवर इटालियन ग्रंथांची छाप आहे, त्याचे काम पुरे करणारा फिलिपो तेर्झीही इटालियनच. चर्चची दक्षिणेकडील खिडकी या चौकाआड गेली, हेही खरे. पण चौकांची मागणी देशी सुधारणेतून आली होती आणि याच जागी काश्तील्युने आधी एक चौक बांधलाही होता. जुन्याविषयी अनास्था म्हणावी, तर पश्चिम भिंतीलगतचा सांता बार्बारा चौक मुद्दाम बुटका ठेवलेला दिसतो. पश्चिमेची खिडकी त्यामुळेच नजरेस पडते. म्हणून खिडकी पाहून परत फिरणाऱ्याला अर्धाच मठ दिसतो. मुख्य चौकाच्या कोपऱ्यातील गोल जिन्याने वर गेल्यावर उरलेला उलगडतो. १८३४ मध्ये पोर्तुगालमधील धार्मिक संघ बरखास्त झाले. १९८३ पासून किल्ला व मठ जागतिक वारसा यादीत आहेत.