जखिऱ्याचं पाणी

जंगलात महिनाभर कसं तगायचं, याचे व्हिडिओ सध्या पोरं फार बघतात. सुरा, लायटर, दोरी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, सगळं एका सॅकमध्ये. बघू द्या, वाईट काही नाही. पण आपल्याच डोंगरांवर शेकडो माणसांची शिबंदी वर्षानुवर्षं राहायची. चार महिने धो धो पाऊस, पुढचे आठ महिने कोरडे ठाक, आणि त्यात खाली वेढा. हे कसं जमवायचं ते लिहून ठेवलेलं आहे मंडळी.

रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' साधारण १७१५ सालचं. शिवछत्रपतींपासून कोल्हापूरच्या संभाजीराजांपर्यंत सगळा काळ पाहिलेला हा माणूस. त्यातलं दुर्गांचं प्रकरण वाचताना मला तरी तलवारीपेक्षा घरसंसारच जास्त दिसतो. पंत सांगतात, आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा. पाणी नाही पण जागा मोक्याची आहे, तर पहिल्यांदा खडक फोडून टाकी खोदा. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, लढाईत तोफांच्या दणक्याने झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. म्हणून दोन-चार टाकी जखिऱ्याची म्हणून वेगळी ठेवा, एरवी त्यांना हात लावू नका. तोफेने झरा खरंच आटतो का, यावर भूगर्भवाल्यांनी वाद घालावा. राखीव साठ्याला हात लावायचा नाही, हा मुद्दा वादाचा नाही.

पुढे झाडं. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ, लिंबू, जे जगेल ते लावा आणि जपा, वेळेला निदान लाकूड तरी होईल. कचरा गडाखाली ढकलायचा नाही. जाळायचा आणि ती राख घरामागच्या परसात टाकून भाजीपाला पिकवायचा. दारूगोळ्याचं कोठार घरांपासून लांब. गडावर वैद्य हवा, जखमा बांधणारा हवा, लोहार, सुतार, पाथरवट, चांभार हवेत. म्हणजे सामानाइतकीच कसबं मोजलेली होती. आणि धान्याचा हिशेब ठेवायला कारखानीस होताच.

खोदकामातही डोकं होतं. टाक्यातून निघालेला दगड तटाला लागायचा, म्हणजे एकाच कष्टात खाणही आणि पाण्याचा साठाही. खांबटाकी आत कोरून नेलेली, त्यामुळे उन्हाने पाणी कमी उडतं. सिंधुदुर्गावर तर चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावं. धान्याला नद्यांची नावं देणाऱ्यांना पोट कशावर चालतं ते पक्कं ठाऊक होतं.

याची खरी कसोटी जिंजीला लागली. १६९० ते १६९८, जवळजवळ आठ वर्षं जिंजी मोगलांना दाद देत नव्हती. आत पाणी आणि धान्यकोठारं होतीच. पण एकट्या त्यांच्यावर गड टिकला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, झुल्फिकारखानाचा वेढाही कधी घट्ट, कधी सैल असायचा. गंमत वेगळीच आहे. १६९२-९३ च्या सुमारास संताजी-धनाजींनी बाहेरून रसद तोडली, तेव्हा उपासमार वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत झाली आणि त्यांना माघार घेऊन वांदिवाशला जावं लागलं.

२०२५ मध्ये जिंजीसह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आनंदच आहे. पण संवर्धन म्हटलं की आपल्याला आधी आठवतात बुरूज, दरवाजा आणि रात्रीचे दिवे. टाकी फोटोत चांगली दिसत नाहीत, म्हणून ती शेवटी. मागच्या मे महिन्यात आम्ही एका गडावरचं टाकं उपसलं. कमरेइतका गाळ, त्यात बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या. ज्या गडावर कचरा खाली ढकलायलाही मनाई होती, तिथे आता तो थेट पिण्याच्या पाण्यात. आणि वर येणारा प्रत्येक जण खालून विकतची बाटली घेऊन येतो, तीच पुन्हा टाक्यात जाते. सिंहगडाच्या देवटाक्याचं पाणी लोक अजून पितात, म्हणजे राखलं तर राहतं.

त्याच गडावरचं दुसरं टाकं येत्या उन्हाळ्यात उपसायचंय, पुरातत्त्व खात्याची परवानगी मिळाली की लगेच. घमेली आहेत, फावडी कमी पडतात. येणार असाल तर खाली कमेंटमध्ये लिहा. पाण्याची बाटली आणलीत तर परत घेऊन जायची, एवढी एकच अट.