सूर्याच्या वेशीपलीकडची 'व्हॉयेजर' याने

अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने १९७७ मध्ये सोडलेल्या दोन 'व्हॉयेजर' यानांनी सौरवाऱ्याची हद्द ओलांडली आहे. 'व्हॉयेजर-१' २५ ऑगस्ट २०१२ रोजी, तर 'व्हॉयेजर-२' ५ नोव्हेंबर २०१८ रोजी आंतरतारकीय अवकाशात शिरले. सूर्याचे गुरुत्वाकर्षण मात्र याहून कितीतरी दूरवर पोहोचते. त्यामुळे याने सूर्यमालेबाहेर पडली, हे विधान काहीसे सैलच.

खरा प्रश्न विजेचा आहे. प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणाऱ्या जनित्रांची शक्ती दरवर्षी सुमारे ४ वॅटने घटते. त्यामुळे एकेक उपकरण बंद करावे लागत आहे. त्यातच नोव्हेंबर २०२३ मध्ये 'व्हॉयेजर-१'कडून निरर्थक संदेश येऊ लागले. संगणकाच्या स्मृतीतील एक चिप निकामी झाली होती. पृथ्वीवरून पाठविलेली आज्ञा तेथे पोहोचण्यास २२ तासांहून अधिक काळ लागत होता, उत्तर येण्यास तेवढाच. अशा स्थितीत अभियंत्यांनी त्या चिपमधील आज्ञावलीचे तुकडे करून ते स्मृतीत अन्यत्र हलविले. एप्रिल २०२४ मध्ये यानाच्या प्रकृतीची सुसंगत माहिती पुन्हा मिळू लागली.

दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तीत मराठीतील शुभेच्छा आहेत आणि मूळच्या गोव्याच्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवीही. 'व्हॉयेजर-१' झेपावले ५ सप्टेंबर १९७७ रोजी. केसरबाईंचे निधन त्यानंतर अकराच दिवसांनी झाले.