एकाच इमारतीतल्या तीन कार्टून राइड

कार्टूनवर आधारलेल्या मोशन सिम्युलेटर राइडचा इतिहास पाहायचा तर अमेरिकेतल्या ऑर्लँडो शहरातली एक इमारत पुरेशी आहे. युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा हे उद्यान ७ जून १९९० रोजी सुरू झाले, तेव्हाच या इमारतीतली पहिली राइडही सुरू झाली. तिथे आजवर तीन राइड झाल्या. पडद्यावरची पात्रे प्रत्येक वेळी बदलली, पण प्रेक्षकाला आसनावर बसवून कार्टूनच्या जगातून फिरवून आणायचे, ही मूळ कल्पना कायम राहिली.

या राइडमागचे यंत्र मनोरंजनासाठी जन्मलेले नाही. एडविन लिंक या अमेरिकी तरुणाने १९२९ मध्ये वैमानिकांना जमिनीवरच शिकवण्यासाठी एक डोलणारे बनावट विमान तयार केले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्या वाद्यातले हवेचे भाते त्याने इथे वापरले. पुढे १९६० च्या दशकात सहा पायांवर तोललेला मंच आला. हे पाय हवे तसे लांब-आखूड करून मंच कुठल्याही दिशेला कलवता येतो. अशी यंत्रे बनवणाऱ्या रेडिफ्युजन या ब्रिटिश कंपनीच्या मदतीने डिस्नेलँडने जानेवारी १९८७ मध्ये 'स्टार टूर्स' ही राइड सुरू केली. एका कक्षात ४० माणसे बसत. तिचा खर्च सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर सांगितला जातो. खुद्द डिस्नेलँड १९५५ मध्ये सुमारे १ कोटी ७० लाखांत उभे राहिले होते.

सिम्युलेटर प्रवाशाला फार दूर नेत नाही, जेमतेम काही फूट हलवतो. आसन मागे कलले की पाठीवर शरीराचा भार येतो. त्याच क्षणी पडद्यावर वेग वाढताना दिसला की मेंदू त्या भारालाच वेग समजतो. मग मंच प्रवाशाच्या नकळत, हळूहळू पूर्वस्थितीत आणला जातो आणि पुढच्या हिसक्यासाठी जागा होते. डोळे आणि अंतर्कर्ण यांचा मेळ बसला तर उड्डाणाचा आनंद मिळतो, फसला तर मळमळ होते. अशा राइडबद्दलच्या तक्रारींत ही सर्वांत जुनी आणि रास्तही आहे.

ऑर्लँडोतली पहिली राइड होती 'द फंटॅस्टिक वर्ल्ड ऑफ हॅना-बार्बेरा'. सुरुवातीला या कार्टून कंपनीचे संस्थापक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा स्वतः पडद्यावर येऊन प्रेक्षकांचे स्वागत करत. तेवढ्यात डिक डास्टर्डली आणि त्याचा कुत्रा मटली जेट्सन कुटुंबातल्या लहानग्या एलरॉयला पळवून नेत आणि योगी अस्वल प्रेक्षकांना यानात घेऊन पाठलागाला निघे. वाटेत फ्लिंटस्टोन्सचे अश्मयुगीन गाव, स्कूबी-डूचा भुताटकीचा वाडा आणि जेट्सनांचे भविष्यातले शहर लागे. १९९५ मध्ये भारतात कार्टून नेटवर्क आल्यावर मराठी घरांतही ही पात्रे ओळखीची झाली.

या राइडचे खरे मोल तिच्या चित्रांत होते. दूरचित्रवाणीवरच्या हॅना-बार्बेरा मालिका काटकसरीने बनत. पात्र पळताना मागे तेच झाड, तेच घर पुन्हा पुन्हा सरकत जाई. सिम्युलेटरला ते चालणारे नव्हते. यान वळले की अख्खा देखावा वळला पाहिजे, खाली झेपावले की जमीन अंगावर आली पाहिजे. म्हणून देखावे संगणकावर घडवले गेले आणि त्यांवर हाताने काढलेली पात्रे बसवली गेली. त्या काळी हे अत्यंत किचकट काम होते. ते करणाऱ्यांत रिदम अँड ह्यूज ही कंपनी होती. तिनेच पुढे मुंबईतही स्टुडिओ काढला आणि 'लाइफ ऑफ पाय'मधल्या वाघासाठी नाव कमावले. राइडनंतरच्या दालनात मुलांना चित्रांत रंग भरता येत, आवाजांचे खेळ करता येत. कार्टून कसे बनते हेही कळावे, ही दृष्टी पुढच्या राइडमध्ये इतकी ठळक दिसत नाही. ज्यांना हलणारे आसन सोसत नसे त्यांच्यासाठी पुढच्या बाजूला स्थिर आसनेही होती.

दरम्यान पात्रांची मालकी बदलत गेली. १९९१ मध्ये हॅना-बार्बेरा कंपनी टर्नर या माध्यमसंस्थेकडे गेली आणि १९९६ मध्ये टर्नरसह टाइम वॉर्नरकडे. विल्यम हॅना २००१ मध्ये वारले आणि २० ऑक्टोबर २००२ रोजी राइड बंद झाली. एप्रिल २००३ मध्ये तिथे निकेलोडियन या वाहिनीच्या पात्रांची 'जिमी न्यूट्रॉन्स निकटून ब्लास्ट' आली. कथेचा साचा तोच, पाठलाग आणि वाटेत लागणाऱ्या ओळखीच्या मालिका. पण योगीला पाहत वाढलेल्यांना तिचा लळा लागला नाही. ऑगस्ट २०११ मध्ये तीही थांबली.

जुलै २०१२ मध्ये 'डेस्पिकेबल मी मिनियन मेहेम' सुरू झाली. प्रेक्षक इथे मिनियन बनण्याच्या प्रशिक्षणाला येतात. मिनियनांचे चित्रपट युनिव्हर्सलचेच असल्याने परवान्याचा प्रश्न उरला नाही आणि ही राइड आधीच्या दोन्हींपेक्षा कमी काळ टिकण्याचे कारण राहिले नाही. हॉलिवूडमध्ये २०१४ साली आणि जपानमधल्या ओसाकात २०१७ साली तिच्या आवृत्त्याही निघाल्या.

ऑर्लँडोच्या त्याच उद्यानात, दुसऱ्या इमारतीत, १९९१ पासून 'बॅक टू द फ्यूचर' ही राइड प्रचंड घुमटाकार पडद्यासमोर चालत असे. २००८ मध्ये त्याच जागी 'द सिम्पसन्स राइड' आली, तेव्हा जुन्या राइडचे चाहते हळहळले. नवी राइड मात्र धीट निघाली. क्रस्टी विदूषकाच्या मोडकळीस आलेल्या उद्यानाच्या निमित्ताने तिने लांबलचक रांगा, महागडे खाणे, दुकानांची लूट यांवर, म्हणजे थेट थीम पार्कच्या धंद्यावरच बोट ठेवले.

सिम्युलेटर ही खरी राइडच नव्हे, असे रोलर कोस्टरचे चाहते म्हणतात: खुर्ची जागेवरच असते, भीती पडद्यावर. साध्या चित्रपटांच्या बाबतीत हा आक्षेप काहीसा पटतो. कार्टूनला तो लागू पडत नाही. फ्लिंटस्टोन्सच्या बेडरॉक गावात रुळांवरून जाता येत नाही, तिथे चित्रातूनच शिरावे लागते. ते काम हॅना-बार्बेरा राइडने सर्वांत प्रेमाने केले.

बंद पडलेली अशी राइड पुढच्यांसाठी टिकवायची तर तिचा चित्रपट एकटा जपून भागत नाही. त्याच्या प्रत्येक चौकटीशी जुळणाऱ्या मंचाच्या हालचालींची नोंदही जपावी लागते. उद्यानांनी आणि चित्रपट संग्रहालयांनी या दोन्ही गोष्टी एकत्र जतन करायला हव्यात.